दुर्मीळ वनस्पतींची ऊती गोठवून जपताना: हॉर्मोन कधी, किती आणि कशासाठी

या कामात नव्याने आलेला माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो: कोणते हॉर्मोन घातले म्हणजे ऊती थंडीत टिकेल? कोणतेही नाही. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, पेशीतले सगळे व्यवहार थांबलेले असतात. तिथे हॉर्मोनलाही काही काम उरत नाही. वनस्पती संप्रेरकांचे, म्हणजे हॉर्मोनचे, काम थंडीच्या अलीकडे आणि पलीकडे असते. अलीकडे अ‍ॅब्सिसिक आम्ल ऊतीला सोसायला तयार करते. पलीकडे पेशींना विभाजनाचा इशारा देणारे सायटोकायनिन, आणि कधीकधी कोंब लांबवणारे जिबरेलिन, तिला पुन्हा वाढीला लावते. मधला सगळा भार साखर, ग्लिसरॉल आणि मिनिटांच्या हिशेबावर असतो. ही वाटणी एकदा डोक्यात बसली की कुठल्या टप्प्यावर काय चुकते आहे हे शोधणे बरेच सोपे जाते.

पुढची माहिती ज्याच्याकडे ऊतीसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची) साधी प्रयोगशाळा आहे, किंवा अशा प्रयोगशाळेत जो नुकताच रुजू झाला आहे, त्याच्यासाठी आहे. द्रव नायट्रोजन ही घरी हाताळायची वस्तू नाही.

गोठवायची गरज आहे का, ते आधी पाहा

वनस्पतीला भरपूर बी येत असेल आणि ते वाळवले तरी जिवंत राहत असेल, तर ऊती गोठवण्याच्या भानगडीत पडू नका. नीट वाळवलेले बी हवाबंद पाकिटात उणे १८ ते उणे २० अंशांना ठेवले की बहुतेक जातींचे काम भागते, तेही फारच कमी कष्टात. अडचण येते ती आंबा, फणस, कोको, अ‍ॅव्होकाडो, ओक यांसारख्या झाडांची. त्यांचे बी वाळवले की मरते. शिवाय काही वनस्पतींना बीच धरत नाही, काहींची रानात उरलेली झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात, तर काहींचा एखादा विशिष्ट वाणच जपायचा असतो आणि तो बियांतून जसाच्या तसा उतरत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातली कॉरिगिन ग्रेव्हिलिया ही यातली एक. मोजक्याच रोपांवर आलेल्या या झुडपाचे शेंडे पर्थच्या किंग्ज पार्कमधल्या शास्त्रज्ञांनी ऊतीसंवर्धनाने वाढवले आणि द्रव नायट्रोजनमध्येही ठेवले.

दुर्मीळ वनस्पतींना बहुतेक ठिकाणी कायद्याचे संरक्षण असते. त्यामुळे संबंधित खात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फांदीला हात लावू नका. परवानगी मिळाली की प्रत्येक झाडाला स्वतंत्र क्रमांक द्या. दहा झाडांचे प्रत्येकी दोन शेंडे हे एकाच झाडाच्या वीस शेंड्यांपेक्षा कितीतरी मोलाचे असतात, कारण आपल्याला जपायची असते ती जातीतली विविधता.

हात बसवायचा तो दुसऱ्या वनस्पतीवर

दुर्मीळ ऊतीवर शिकू नये. त्याच कुळातली, शक्यतो त्याच प्रजातीगटातली, सहज मिळणारी एखादी वनस्पती निवडा आणि पूर्ण पद्धत तिच्यावर अथपासून इतिपर्यंत करून पाहा. दोघींचे वागणे तंतोतंत जुळेल असे नाही, पण शेंडा कापणे, द्रावणे बदलणे, वेळ सांभाळणे या गोष्टी हाताला सरावाच्या होतात. त्या हाताला बसल्या नसतील तर कितीही चांगली कृती वाया जाते.

स्वच्छ कल्चर, आणि त्यातला सायटोकायनिनचा हात आखडता

गोठवण्याआधीचा सर्वांत मोठा काळ यातच जातो. फांदीचे डोळे निर्जंतुक करून १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी मांडलेल्या एमएस या पोषक माध्यमावर वाढवायचे, दूषित झालेले फेकायचे, उरलेल्यांची संख्या वाढवायची. झाडाच्या आत मुरलेले जिवाणू कधीकधी महिनोन्‌महिने दिसत नाहीत आणि गोठवून परत काढल्यावर, ऊती अशक्त असतानाच, माध्यमावर दुधट वलय धरून वर येतात. म्हणून गोठवण्याआधी काही कल्चरच्या बुडाचे तुकडे जिवाणूंसाठीच्या पोषक माध्यमावर ठेवून तपासा.

१९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवून दिले की ऑक्सिन हे संप्रेरक जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळे फुटतात, उलट असेल तर कोंब फुटतात आणि दोन्ही जवळपास सारखी असतील तर कॅलसचा, म्हणजे अवयव न फुटलेल्या पेशींचा, गोळा वाढत राहतो. संख्या वाढवायची म्हणून सायटोकायनिन वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. बेंझिलअमिनोप्युरिन हे सायटोकायनिन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले बीएपी, दर लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत नेले की झुबके झकास दिसतात. पण पाने काचेसारखी पारदर्शक, पाण्याने फुगलेली होतात. अशा ऊतीत पाणी जास्त आणि भिंती लेच्यापेच्या. ती गोठवणीत टिकत नाही. माझ्या मते दुर्मीळ वनस्पतींसाठी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम ही सुरुवात पुरे, आणि गोठवण्याआधीचा शेवटचा फेरा (नव्या माध्यमावर हलवून वाढवण्याची पाळी) हॉर्मोनविरहित किंवा अगदी नाममात्र बीएपी असलेल्या माध्यमावर घ्यावा. कोंब कमी मिळतील, पण घट्ट आणि एकसारखे मिळतील.

गोठवायला शक्यतो शेंडेच घ्या, कॅलस नको. शेंड्यातली विभाजी ऊती मुळातच नीट रचलेली असते आणि तिच्यातून येणारे रोप मूळ झाडासारखेच येण्याची शक्यता जास्त असते. कॅलसमधून उगवलेल्या रोपांत जनुकीय बदल डोकावतात, आणि दुर्मीळ जातीच्या बाबतीत तोच तर आपल्याला टाळायचा असतो.

हॉर्मोनची द्रावणे

बीएपी पाण्यात सहज विरघळत नाही. ५० मिलिग्रॅम पावडर लहान बीकरमध्ये घ्या, त्यावर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत ती पूर्ण विरघळू द्या आणि मगच हळूहळू पाणी घालत ५० मिलिलिटर करा. झाले १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे साठा-द्रावण. लिटरभर माध्यमाला ०.२ मिलिग्रॅम हवे असेल तर यातले ०.२ मिलिलिटर घ्यायचे. बीएपी ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) उष्णता सोसते, त्यामुळे ते माध्यमात आधीच घातले तरी चालते.

अ‍ॅब्सिसिक आम्लाचे तसे नाही. त्याला उष्णता आणि प्रकाश दोन्ही बाधतात. त्याचा रेणुभार २६४.३, म्हणून २६.४ मिलिग्रॅम पावडर थोड्या इथेनॉलमध्ये किंवा सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांत विरघळवून १० मिलिलिटर केली की १० मिलिमोलर द्रावण मिळते. ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करा, छोट्या नळ्यांत भरा, नळ्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि उणे २० अंशांना ठेवा. माध्यम ऑटोक्लेव्ह होऊन हाताला सोसेल इतके कोमट झाले की लिटरला १ मिलिलिटर या हिशेबाने घाला, म्हणजे १० मायक्रोमोलर प्रमाण येते. पेट्रीडिशेस अंधारात किंवा अगदी मंद प्रकाशात ठेवा, कारण प्रकाशात या रेणूची घडण उलटते आणि उलटलेल्या रूपाला ऊती दाद देत नाही.

बाटली विकत घेताना लेबल नीट वाचा. नैसर्गिक अ‍ॅब्सिसिक आम्ल एकाच हाताचे, म्हणजे अधिक चिन्हाचे असते. स्वस्तातली कृत्रिम पावडर बहुधा अधिक आणि उणे रूपांची निम्मी-निम्मी मिसळ असते. दोन्ही चालतात, पण नैसर्गिक रूपाच्या हिशेबात मिसळीचे १० मायक्रोमोलर म्हणजे निम्मेच भरतात. कोणती वापरली ते वहीत लिहिले नसेल, तर पुढच्या वर्षी बाटली बदलल्यावर निकाल का बदलले हे कुणालाच कळणार नाही.

जिबरेलिक आम्ल (एक जिबरेलिन) आणि झिएटिन (एक सायटोकायनिन) हीदेखील गाळूनच घातलेली बरी.

फ्रीजमधला मधला मार्ग

दोन-तीन वर्षांचाच प्रश्न असेल, किंवा नायट्रोजनची सोय अजून झाली नसेल, तर मंदवाढ साठवण पुरते. थंड हवामानातल्या जाती ४ ते ५ अंशांना, मंद दिव्याखाली, निम्म्या ताकदीच्या एमएस माध्यमावर बारा महिने आरामात राहतात. उष्ण प्रदेशातल्या जाती मात्र इतक्या थंडीत काळ्या पडतात. त्यांना १५ ते २० अंश द्यावे लागतात. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात असलेला केळींचा आंतरराष्ट्रीय संग्रह सुमारे १६ अंशांवर सांभाळला जातो.

वाढ आणखी रोखायला मॅनिटॉल किंवा सॉर्बिटॉल घालतात. ती साखरेच्या जातीचीच, पण ऊती ती सहजी वापरत नाही आणि माध्यमातले पाणी तिला महाग होते. अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि पॅक्लोब्युट्राझोलही याच कामासाठी वापरतात. पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन तयार होऊ देत नाही, म्हणून पेरे आखूड राहतात. माझा कल मात्र आधी तापमान आणि माध्यमाची ताकद यांवरच भागवण्याकडे असतो. वाढरोधक रसायनाचा परिणाम बाहेर काढल्यावरही ऊतीत रेंगाळतो आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांत कोंब खुजे निघतात. दर महिन्याला एक नजर टाका: टोकाचे पान हिरवे आहे का, आगर कडेने सुटून आकसले आहे का, बुडाशी तपकिरीपणा चढतो आहे का.

सोसायची तयारी: अ‍ॅब्सिसिक आम्ल, थंडी आणि साखर

गोठवताना पेशीला मारतो तो बर्फ. पेशीत पाणी मोकळे असेल तर त्याचे स्फटिक होतात आणि पडदे फाटतात. म्हणजे काम दोन पदरी आहे: पेशीतले पाणी काढायचे, आणि ते काढताना पेशी कोसळू द्यायची नाही. झाडाला हे दुसरे काम निसर्गतः येते. दुष्काळ पडला किंवा हिवाळा जवळ आला की अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते, आणि त्याच्या इशाऱ्यावर पेशी विद्राव्य शर्करा साठवतात, पडद्यांना आणि प्रथिनांना कोरडेपणात आधार देणारी डिहायड्रिनसारखी प्रथिने बनवतात आणि वाढ थांबवतात. बी पक्व होऊन वाळते तेव्हाही हेच घडते. आपण माध्यमात अ‍ॅब्सिसिक आम्ल घालतो ते हा इशारा बाहेरून देण्यासाठी.

शेवाळांच्या (मॉस वनस्पतींच्या) बाबतीत हा उपाय फार चांगला लागू पडला आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका अतिदुर्मीळ शेवाळाचे तंतू लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात १० मायक्रोमोलर अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि ५ टक्के साखर असलेल्या माध्यमावर दोन आठवडे ठेवून, वाळवून, मग द्रव नायट्रोजनमध्ये साठवण्यात आले. फुलझाडांच्या शेंड्यांत मात्र इतके सरळ उत्तर मिळत नाही. ब्लॅकबेरी आणि रास्पबेरीवरच्या प्रयोगांत दिसले की अ‍ॅब्सिसिक आम्लाचा फायदा वाणागणिक बदलतो. म्हणून कुणाची तयार मात्रा उचलून आणू नका, स्वतः चाचणी लावा: ०, ५, १० आणि २० मायक्रोमोलर, प्रत्येकी सात दिवस. शून्याचा गट कधीही वगळू नका. बऱ्याच जातींत तोच जिंकतो, आणि मग अ‍ॅब्सिसिक आम्लाचा खर्च नि खटाटोप दोन्ही वाचतात.

मात्रा वाढली की शेंडा नुसता थांबत नाही, झोपीच जातो. गोठवून काढल्यावर तो हिरवा दिसतो पण आठवडे उलटले तरी हलत नाही. असे झाले तर पुढच्या वेळी मात्रा कमी करा. बाहेर काढल्यावर बीएपी वाढवून त्याला ढोसण्याने बहुधा कॅलसच हाती लागते.

थंड हवामानातल्या जातींना याच जोडीला थंडीची सवय लावता येते. एक चांगली रूढ पद्धत म्हणजे दिवसा आठ तास प्रकाशात २२ अंश आणि रात्री सोळा तास अंधारात उणे १ अंश, असे काही आठवडे. उष्ण प्रदेशातल्या वनस्पतींवर हे करू नये. त्यांच्यासाठी साखरच मुख्य. शेंडे काढल्यावर ०.३ मोलर सुक्रोजच्या माध्यमावर, म्हणजे लिटरला १०२.७ ग्रॅम, एक दिवस ठेवतात. कोवळी ऊती एकदम जास्त साखरेत टाकली तर आकसून मरते, तेव्हा पहिल्या दिवशी ०.१, मग ०.३, मग ०.५ मोलर अशा पायऱ्याही करता येतात.

शेंडा कापताना

हे काम स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली करायचे. शेवटच्या फेऱ्यानंतर तीन ते चार आठवड्यांचा कोंब घ्या. बाहेरची पाने एकेक करून बुडाशी सुईने दाबून मोडा, कापू नका. दाबले की ती स्वच्छ सुटतात. आत गेल्यावर एक क्षण असा येतो की दोन-तीन इवल्या पानांच्या बेचक्यात ओलसर, चमकदार, अर्धगोल घुमट दिसतो. तोच जपायचा. त्याच्या खाली मिलिमीटरभर अंतरावर नव्या ब्लेडने एकाच दमात काप घ्या. एकूण तुकडा १ ते १.५ मिलिमीटर. घुमटावरची चमक गेली की समजा तो सुकायला लागला. दिव्याच्या उष्णतेखाली एवढ्याशा तुकड्याला फार वेळ लागत नाही. म्हणून कापलेला शेंडा लगेच द्रव माध्यमात भिजवलेल्या गाळणकागदावर ठेवायचा.

मोठा तुकडा घेतला की हाताळायला सोपा जातो, पण द्रावण आतपर्यंत पोचत नाही आणि मधल्या पेशी बर्फाने मरतात. फार लहान घेतला तर तो उठतच नाही.

पाण्याची काच करणे

पाणी पुरेसे काढून उरलेला द्रव इतका दाट केला की झपाट्याने थंड होताना त्यात स्फटिक होतच नाहीत. पाक एकदम गार होऊन गोळीसारखा पारदर्शक घट्ट व्हावा तसे होते. याला काचीकरण म्हणतात. त्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे द्रावण पीव्हीएस-२, जपानचे अकिरा साकाई आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये संत्र्याच्या पेशींवर मांडलेले. १०० मिलिलिटरसाठी ३० ग्रॅम ग्लिसरॉल, १५ ग्रॅम इथिलीन ग्लायकॉल, १५ ग्रॅम डायमिथाइल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) आणि १३.७ ग्रॅम सुक्रोज, हे सगळे द्रव एमएस माध्यमात, पीएच ५.८. डीएमएसओ काही गाळण्यांचा पडदा विरघळवते, तेव्हा त्याला टिकणारी गाळणीच घ्या.

हे द्रावण विषारी आहे. ऊतीत ते जितका वेळ राहील तितके पाणी जास्त निघते आणि तितकीच इजाही जास्त होते. दोन्हींच्या मधली खिडकी शोधणे हीच खरी कसोटी. आधी शेंडे भरण-द्रावणात, म्हणजे २ मोलर ग्लिसरॉल आणि ०.४ मोलर सुक्रोजमध्ये, साध्या तापमानाला २० मिनिटे ठेवा. मग ते काढून बर्फावर गार केलेले पीव्हीएस-२ घाला. शून्य अंशाला विषार कमी जाणवतो आणि वेळ सांभाळायला उसंत मिळते. चाचणीसाठी १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटे घ्या.

नवख्याने पीव्हीएस-३ ही करून पाहावे असे मला वाटते: शंभर मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम ग्लिसरॉल आणि ५० ग्रॅम सुक्रोज. त्यात डीएमएसओ नाही, इथिलीन ग्लायकॉल नाही. वेळ जास्त द्यावा लागतो, एक ते दोन तास, पण पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे झाली तरी सारे मुसळ केरात जात नाही.

वेळ संपायच्या थोडे आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइलची निर्जंतुक पट्टी घ्या, साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब. तिच्यावर द्रावणाचा छोटा थेंब ठेवा आणि त्यात शेंडे मांडा. वेळ भरली की चिमट्याने पट्टी थेट द्रव नायट्रोजनमध्ये सोडा. फॉइलमुळे थंडावा क्षणात आत शिरतो. बंद नळीत ठेवून बुडवले तर तो वेग येत नाही. पट्टी मग नायट्रोजनने भरलेल्या २ मिलिलिटरच्या क्रायोनळीत सरकवायची.

उणे ८० अंशांच्या फ्रीजरवर भागवता येत नाही. पीव्हीएस-२ ची काच उणे ११५ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मऊ पडली की आत बर्फाचे स्फटिक वाढायला मोकळे. उणे १३० च्या वर ऊती कधीच येऊ नये, नळ्या एका पेटीतून दुसरीत हलवतानाही.

नायट्रोजनशी वागताना

एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूला बाजूला सारतो, वास येत नाही, रंग नसतो आणि माणूस कसलीही सूचना न मिळता कोसळतो. म्हणून हवा खेळती हवी, भिंतीवर प्राणवायूमापक हवा, आणि नायट्रोजनचे भांडे लिफ्टमधून न्यायचे असेल तर त्यासोबत कुणीही आत बसायचे नाही. तोंडावर पूर्ण ढाल, हातात सैल उष्णतारोधक मोजे. सैल अशासाठी की द्रव आत गेला तर झटकन काढता यावेत. पायात बंद बूट, पँटचा पाय बुटाच्या बाहेर. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे क्रायोनळी: आत द्रव अडकलेली नळी गरम झाली की फुटते. बाहेर काढताच तिचे झाकण सैल करा, चेहऱ्यापासून लांब धरून.

जागे करणे

पट्टी नळीतून काढून थेट १.२ मोलर सुक्रोजच्या द्रावणात, म्हणजे लिटरला ४११ ग्रॅम, साध्या तापमानाला बुडवा. पट्टीऐवजी नळीत द्रावणासह गोठवले असेल तर नळी ४० अंशांच्या पाण्यात एक-दीड मिनिट हलवत ठेवून मग द्रावण बदला. सावकाश वितळवणे घातक, कारण जाताना न झालेला बर्फ येताना होतो. सुक्रोजमध्ये १५ ते २० मिनिटे गेली की विषारी द्रावण बरेचसे धुऊन निघते. शेंडे ०.३ मोलर सुक्रोजच्या गाळणकागदावर एक रात्र ठेवा आणि दुसऱ्या दिवशी साध्या साखरेच्या पुनर्वाढ माध्यमावर न्या.

पहिला आठवडा अंधार. इजा झालेल्या पेशींवर प्रकाश पडला की त्यांत घातक प्राणवायू-कण तयार होतात आणि उरलासुरला घुमटही तपकिरी होतो. मग मंद प्रकाश, मग नेहमीचा. काही जातींना अमोनियमही या काळात सोसत नाही. त्यांच्यासाठी अमोनियम नायट्रेट वगळलेले एमएस पहिल्या आठवड्यापुरते वापरून पाहावे.

आता हॉर्मोनची दुसरी पाळी. शेंड्यातल्या सगळ्याच पेशी जगत नाहीत. बऱ्याचदा घुमटाचा एखादा भाग आणि पानांच्या बुडातला थोडा पट्टा एवढेच वाचते. या थोड्या पेशींना विभाजनाचा इशारा हवा असतो आणि तो सायटोकायनिन देते. पण तोच इशारा जखमी पेशींनाही मिळतो, आणि त्या कॅलस करत सुटतात. म्हणून सुरुवात बीएपीच्या दर लिटरला ०.१ ते ०.५ मिलिग्रॅमने करा. झिएटिन महाग, पण अनेक जातींत सौम्य. थायडायाझुरॉन या सायटोकायनिनसारख्या तीव्र रसायनाला या टप्प्यावर हात लावू नये असे माझे मत आहे. अगदी सूक्ष्म मात्रेतही ते झुबके आणि कॅलस काढते. शेंडा हिरवा होऊनही लांबत नसेल तर ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम जिबरेलिक आम्लाची जोड द्या. ऑक्सिन सुरुवातीला नकोच. कोंब सेंटिमीटरभर झाला की हॉर्मोनविरहित माध्यमावर आणा, आणि मुळांसाठी शेवटी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे ऑक्सिन ०.५ ते १ मिलिग्रॅम.

काय मोजायचे

हिरवा राहिलेला शेंडा म्हणजे यश नव्हे. जगणे आणि पुन्हा कोंब काढणे हे दोन आकडे वेगळे लिहा. कॅलसमधून आलेला कोंब तिसऱ्या रकान्यात. प्रत्येक वेळी चार गट ठेवा: काहीच न केलेले शेंडे, फक्त साखर आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल दिलेले, पीव्हीएसमधून काढलेले पण न गोठवलेले, आणि गोठवलेले. दुसऱ्या गटातच मर दिसली तर दोष पूर्वतयारीत. तिसऱ्यात दिसली तर पीव्हीएसची वेळ जास्त झाली. तिसरा धडधाकट आणि चौथा मेलेला असेल तर पाणी पुरेसे निघालेले नाही, वेळ वाढवा.

एका नळीत १० शेंडे आणि पुनर्वाढ ३० टक्के असेल, तर त्या नळीतून निदान एक रोप मिळण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के भरते. २० टक्क्यांना ती ८९ वर येते. म्हणजे ३० टक्के पुनर्वाढ मिळाली तरी साठवण सुरू करायला हरकत नाही; ८० टक्क्यांची वाट पाहत बसण्यात मूळ कल्चर दूषित होऊन हातचे जाण्याचा धोका जास्त. नळ्या मात्र जास्त भरा, आणि त्यातली एक आठवड्याभरात काढून तपासा. त्या तुकडीची खरी टक्केवारी तिथेच कळते.

नोंदी आणि टाकी

नळीवर अतिथंडीत न सुटणारे लेबल लावा. साध्या मार्करची अक्षरे चिमट्याच्या घासण्याने पुसतात. झाडाचा क्रमांक, तारीख, तुकडी एवढे नळीवर पुरे. बाकीचे वहीत आणि संगणकात: शेवटच्या फेऱ्यातले बीएपी, अ‍ॅब्सिसिक आम्लाचा प्रकार आणि दिवस, पीव्हीएसची मिनिटे, पुनर्वाढ माध्यमाची पूर्ण कृती. वीस वर्षांनी नळी उघडणारा माणूस तुम्ही नसाल. जागे करण्याची कृती त्याला सापडली नाही तर आतल्या ऊतीचा त्याला उपयोग नाही. म्हणून पुनर्वाढ माध्यमाची कृती छापून टाकीच्या पेटीतही एक प्रत ठेवा. प्रत्येक जातीच्या नळ्या दोन भागांत विभागून निम्म्या दुसऱ्या इमारतीतल्या, जमल्यास दुसऱ्या संस्थेतल्या टाकीत ठेवा. टाकीतली द्रवाची पातळी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मोजपट्टीने ठरलेल्या वारी मोजा आणि मोजणाऱ्याची सही घ्या. सुट्टीच्या आठवड्यात हे काम कोणाकडे आहे, त्याचे नाव आधीच फळ्यावर लिहून ठेवा.